अलास्काच्या क्रूझवर जाणाऱ्या ज्येष्ठांचा वैद्यकीय विमा: रकमेच्या आधी काय वाचावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारे वडील (वय ७४) आणि आई (वय ६९) ऑगस्टमध्ये तीन महिन्यांसाठी सिअ‍ॅटलला मुलीकडे जाणार आहेत आणि तिथून सर्वांनी मिळून सात दिवसांची अलास्काची क्रूझ करायची आहे. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, २०१९ साली त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आईचा एक गुडघा बदललेला आहे. एजंटाने दोघांसाठी ५०,००० डॉलरची प्रवास विमा पॉलिसी सुचवली असून, ही रक्कम पुरेल की एक लाख डॉलरची घ्यावी, असे मुलीने विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे विमा सल्लागार म्हणून काम करतो आणि त्यातला बराचसा काळ परदेशात आजारी पडलेल्या ज्येष्ठांच्या दाव्यांची कागदपत्रे जुळवण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की रकमेचा प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. जहाजावर आजारी पडलेला माणूस आधी जहाजाच्या दवाखान्यात जातो. आजार तिथे आटोक्यात येणारा नसेल तर त्याला वाटेतल्या एखाद्या बंदरात उतरवले जाते आणि त्या गावातही सोय नसेल तर विमानाने मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवले जाते. या प्रत्येक टप्प्याला पॉलिसीतले वेगळे कलम लागू होते, आणि दावा अडतो तो बहुतेक वेळा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना. म्हणून वडिलांची ती संभाव्य वाट डोळ्यांपुढे ठेवून पॉलिसी वाचावी. वाचावी म्हणजे संपूर्ण मजकूर वाचावा. एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो ते दोन पानी प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे.

पहिला टप्पा जहाजाच्या दवाखान्याचा. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास उपलब्ध असतात. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेने जहाजांवरील वैद्यकीय सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत आणि प्रमुख कंपन्या ती पाळतात. त्यानुसार ईसीजी, डिफिब्रिलेटर, क्ष-किरण यंत्र, रक्ताच्या मूलभूत चाचण्या, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध एवढे जहाजावर असते. अँजिओग्राफी किंवा मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. हा दवाखाना रुग्णाला स्थिर करून जमिनीपर्यंत पोहोचवण्यासाठी आहे, आणि तो फुकट नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ ज्येष्ठांना ठाऊक नसते. जेवण, निवास, करमणूक सगळे तिकिटात असल्यामुळे डॉक्टरही तिकिटातच असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात तपासणी, इंजेक्शन, सलाइन, दवाखान्यातली रात्र या सगळ्याचे बिल केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरण्याआधी क्रेडिट कार्डावरून वसूल होते. जहाजाचा दवाखाना आपल्या विमा कंपनीशी कॅशलेसचा व्यवहार करेल, असे गृहीत धरू नये. पैसे आधी आपण द्यायचे आणि नंतर मागायचे, हाच तिथला रिवाज आहे.

हे मागायला गेल्यावर पहिली ठेच लागते ती ‘रुग्णालय’ या शब्दाच्या व्याख्येला. प्रवास विम्यात आंतररुग्ण उपचारांचा, म्हणजे दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा, खर्च मिळण्यासाठी उपचार ‘रुग्णालया’त व्हावे लागतात, आणि रुग्णालय म्हणजे त्या देशाच्या कायद्यानुसार नोंदणी झालेली, आजारी माणसांना दाखल करून घेणारी संस्था, अशा आशयाची व्याख्या पॉलिसीत असते. जहाज बहामास, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा कुठल्यातरी देशाच्या ध्वजाखाली नोंदलेले असते आणि उपचार होतात त्या वेळी ते कदाचित कोणत्याच देशाच्या हद्दीत नसते. अशा वेळी त्याचा दवाखाना या व्याख्येत बसतो का?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाच्या, नाशिकच्या सत्तरीतल्या बाईंच्या बाबतीत हाच वाद झाला. भूमध्य समुद्रातल्या सहलीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि दोन रात्री जहाजाच्या दवाखान्यात सलाइन व प्रतिजैविके देण्यात आली. विमा कंपनीचे म्हणणे असे, की जहाजाचा दवाखाना हे रुग्णालय नव्हे म्हणून हा बाह्यरुग्ण उपचार. आणि घेतलेल्या योजनेत बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश नाही, म्हणून देय रक्कम शून्य. चार महिने पत्रव्यवहार करून आम्ही काही भाग मिळवला, पण त्यात माझ्या युक्तिवादापेक्षा जहाजावरच्या डॉक्टरांनी व्यवस्थित लिहून दिलेल्या अहवालाचा वाटा मोठा होता. त्यानंतर मी एक नियम केला: पॉलिसीत जहाजावरील उपचारांचा स्पष्ट उल्लेख असावा, किंवा बाह्यरुग्ण उपचार तरी नक्की समाविष्ट असावेत. यांपैकी काहीच नसेल तर ती क्रूझसाठी घेऊ नये. ‘क्रूझ कव्हर’ नावाची जोडणी दिसली म्हणूनही निश्चिंत होऊ नये. तिच्यात अनेकदा बंदर चुकणे, सहलीचा मार्ग बदलणे, आजारपणामुळे केबिनमध्ये अडकून पडणे यांची भरपाई असते आणि उपचारांबद्दल एकही ओळ नसते.

दुसरा टप्पा उतरवण्याचा. रुग्णाला जहाजावर ठेवणे धोक्याचे आहे असे जहाजाच्या डॉक्टरांना वाटले, तर ते कप्तानाला तसे सांगतात आणि पुढच्या बंदरात रुग्णाला उतरवले जाते. ‘सिअ‍ॅटलला पोहोचेपर्यंत थांबू या’ ही कुटुंबाची विनंती तिथे चालत नाही आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. अलास्काच्या बाबतीत हे नीट समजून घ्यायला हवे, कारण किनाऱ्यावरची गावे लहान आहेत. जूनो ही राज्याची राजधानी, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. बोट किंवा विमान एवढेच मार्ग. तिथे रुग्णालय आहे. केचिकनलाही आहे. स्कॅगवेला मात्र दवाखान्यावरच भागवावे लागते. सहलीतला एक दिवस बहुधा हिमनद्या पाहण्याचा असतो. त्या दिवशी जहाज कोणत्याच बंदराला लागत नाही.

समजा, त्याच दिवशी वडिलांच्या छातीत दुखू लागले. जहाजावर गुठळी विरघळवणारे औषध देता येईल, पण त्यानंतर साधारण चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण पोहोचावा, अशी हृदयरोगतज्ज्ञांची अपेक्षा असते. याचा अर्थ बहुधा सिअ‍ॅटल किंवा अलास्कातले सर्वांत मोठे शहर अँकरेज. जूनो ते सिअ‍ॅटल हे हवाई अंतर सुमारे १,४५० किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून दिल्लीपेक्षाही जास्त. गंभीर प्रसंगी जहाजावरून रुग्णाला उचलायला अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर येते; सिट्का इथे त्यांचा हवाई तळ आहे आणि या बचावकार्याचे ते पैसे घेत नाहीत. हे ऐकून काही जण म्हणतात, की मग एवढी चिंता कशाला. पण ते हेलिकॉप्टर रुग्णाला जवळच्या योग्य ठिकाणी पोहोचवते आणि त्याचे काम तिथे संपते. तिथून पुढची एअर अ‍ॅम्ब्युलन्स खासगी असते आणि या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोठे बिल तिचेच निघू शकते.

म्हणून पॉलिसीतले ‘वैद्यकीय स्थलांतर’ हे कलम मी सगळ्यांत सावकाश वाचतो. या खर्चाची मर्यादा वेगळी आहे की मूळ विमा रकमेतच धरलेली आहे, हे पाहावे. ५०,००० डॉलरच्या पॉलिसीत ती आतच असेल, तर विमानप्रवासातच मोठा भाग संपेल आणि रुग्णालयासाठी थोडेच उरेल. पुढचा मुद्दा निर्णयाचा. जवळपास सर्व पॉलिसींत विमा कंपनीने नेमलेल्या असिस्टन्स कंपनीची, म्हणजे परदेशात आजारी पडल्यावर उपचारांची आणि हलवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीची, पूर्वसंमती लागते. कुटुंबाने घाईने स्वतःच विमान ठरवले आणि नंतर कळवले, तर ते वरातीमागून घोडे ठरते आणि तेवढ्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ‘जवळचे योग्य रुग्णालय’ आणि ‘आपल्या पसंतीचे रुग्णालय’ यांत फरक आहे. मुलगी सिअ‍ॅटलला राहते म्हणून सिअ‍ॅटललाच नेतील असे नाही. अँकरेजमध्ये सोय असेल आणि ते सोयीचे असेल तर तिथे नेतील. आजारपणानंतर भारतात परत आणण्याचा खर्च, म्हणजे विमानात स्ट्रेचरसाठी लागणारी अनेक आसने आणि सोबतचा डॉक्टर किंवा परिचारिका, हे त्याच कलमात आहे का, तेही पाहून ठेवावे. मृत्यूनंतर पार्थिव आणण्याची तरतूदही तिथेच असते. घरात हा विषय काढणे जड जाते हे मी जाणतो, पण ज्येष्ठ मंडळी स्वतः त्याबद्दल मुलांपेक्षा मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य अडचण, म्हणजे पूर्वीपासूनचे आजार. अमेरिकेतल्या रुग्णालयांना आपत्कालीन रुग्णाची तपासणी करून त्याला स्थिर करणे १९८६ च्या संघीय कायद्याने बंधनकारक आहे. पैसे नाहीत म्हणून वडिलांना दारातून परत पाठवले जाणार नाही. बिल मात्र नंतर येतेच, आणि ते आले की विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, की हा आजार आधीपासूनचा आहे का. मधुमेह, रक्तदाब आणि अँजिओप्लास्टी एवढा इतिहास असलेल्या माणसाच्या बाबतीत हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा त्रास, पायाची न भरणारी जखम या सगळ्यांची नाळ जुन्या आजाराशी जोडता येते. साखर एकदम उतरल्यामुळे चक्कर येऊन डेकवर पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तरी ‘अपघात की आजार’ असा वाद उभा राहतो. भारतीय प्रवास विमा योजनांत साधारण तीन प्रकार आढळतात. पहिल्यात पूर्वीच्या आजारांना पूर्ण नकार असतो. दुसऱ्यात जीव धोक्यात आला तरच, तेही रुग्ण स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो आणि त्यालाही छोटी मर्यादा असते. तिसऱ्यात जादा हप्ता घेऊन, आजार जाहीर करून, खरोखर वापरता येईल असे संरक्षण दिलेले असते. वडिलांसाठी फक्त तिसरा प्रकार विचारात घ्यावा. एजंट ‘पीईडी (म्हणजे पूर्वीपासूनचे आजार) कव्हर्ड आहे’ असे तोंडी सांगतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतो, आणि त्यात तो खोटे बोलतो असेही नाही. ‘स्थिर होईपर्यंत’ या दोन शब्दांचा अर्थ त्याला कोणी विचारलेला नसतो, एवढेच.

हे संरक्षण टिकण्यासाठी अर्ज खरा भरलेला असला पाहिजे. ही गोष्ट सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे, तरी पुन्हा सांगतो. सहल कंपनीच्या कार्यालयात चाळीस जणांचे अर्ज एकाच दिवशी भरले जातात. समोरचा कर्मचारी विचारतो, ‘काका, तब्येत ठणठणीत ना?’ काका अभिमानाने ‘अगदी’ म्हणतात आणि आजारांच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले जाते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात रक्तदाबाची रोजची एक गोळी ही त्या गृहस्थांच्या दृष्टीने ‘आजार’ नव्हतीच. ती तर सगळेच घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशातल्या रुग्णालयात भरती होताना मात्र त्यांनी तीच गोळी डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगितली, ती केसपेपरवर आली, आणि माहिती लपवली या कारणाने संपूर्ण दावा नाकारला गेला. भारतातल्या मेडिक्लेमचा उतारा अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक देशी आरोग्य पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांनाच लागू असतात. तेव्हा वडिलांची सर्व औषधे, २०१९ च्या अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद आणि अलीकडचे इको व रक्ताचे अहवाल अर्जासोबत द्यावेत आणि त्याची पोच ठेवावी. सत्तरीपुढे काही कंपन्या स्वतःच चाचण्या करायला सांगतात. त्याचा कंटाळा करू नये, कारण चाचण्या पाहून दिलेली पॉलिसी नंतर नाकारणे कंपनीला अवघड जाते. प्रवासाला निघण्यापूर्वी एक-दोन महिन्यांत औषधाची मात्रा बदलली तर तेही कंपनीला लेखी कळवावे. परदेशी योजनांत प्रकृती अमुक काळ ‘स्थिर’ असण्याची अट असते आणि मात्रेतला बदल म्हणजे अस्थिरता, असा अर्थ लावला जाऊ शकतो.

यानंतर उपमर्यादा. भारतातल्या अनेक पॉलिसींत वयाची साठी ओलांडली की विमा रकमेच्या आत छोट्या छोट्या मर्यादा लागू होतात: खोलीभाड्याला दिवसाला इतके, अतिदक्षता विभागाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूलतज्ज्ञाला इतके. वरची रक्कम एक लाख डॉलर असली तरी हे आतले आकडे पन्नास हजारांच्या योजनेइतकेच तोकडे असू शकतात. उदाहरणादाखल धरा, की शस्त्रक्रियेची उपमर्यादा १०,००० डॉलर आहे आणि बिल ३५,००० चे आले. मग मूळ रक्कम दोन लाख असली तरी २५,००० आपल्या खिशातून जाणार. त्यामुळे मुलीने विचारलेल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: ५०,००० डॉलर अमेरिकेसाठी आणि या वयासाठी अपुरे आहेत, पण उपमर्यादांसह घेतलेले एक लाख डॉलर हेही फारसे सुरक्षित नाहीत. उपमर्यादा नसलेली, स्थलांतराची मर्यादा वेगळी असलेली एक लाखाची पॉलिसी मी उपमर्यादा असलेल्या अडीच लाखांच्या पॉलिसीपेक्षा पसंत करीन. दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तर उत्तमच, मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी पर्याय कमी होतात आणि हप्ता बराच वाढतो, हे लक्षात घेऊन बोलतो आहे.

अमेरिकेत मिळणारा ‘व्हिजिटर इन्शुरन्स’, म्हणजे तिथे आलेल्या पाहुण्यांसाठीचा विमा, हा दुसरा मार्ग आहे आणि मुलगी तिथे असल्यामुळे तो तिला सोपा वाटेल. त्यात दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. तिचा हप्ता कमी असतो आणि अमेरिकेतल्या बिलांपुढे ती बोलाचीच कढी ठरते. दुसरी सर्वसमावेशक, जिच्यात वजावट, म्हणजे आधी आपण सोसायची ठरावीक रक्कम, गेल्यावर खर्चाचा ठरावीक टक्के किंवा सर्व भाग मिळतो. जुन्या आजारांबाबत या योजना ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला तीव्र झटका’ अशी संज्ञा वापरतात. त्यात आधी काहीही लक्षण नसणे आणि ठरावीक तासांत उपचार सुरू होणे अशा अटी असतात, आणि अनेक योजनांत हा लाभ सत्तराव्या वर्षी बंद होतो किंवा अगदी कमी होतो. आईसाठी ही योजना विचारात घेता येईल. वडिलांसाठी, वयाची अट तपासल्याशिवाय, मुळीच नाही. भारतीय पॉलिसी मात्र निघण्यापूर्वी भारतातूनच घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावे. ‘तिथे गेल्यावर बघू’ हा विचार केला तर हा पर्याय बहुधा हातचा जातो.

मुलीच्या पत्रात तिच्या मैत्रिणीच्या आई-वडिलांच्या मेडिकेअरचाही, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य विम्याचाही, उल्लेख आहे. ते ग्रीन कार्डधारक आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. तरीही, जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांपेक्षा जास्त अंतरावर असेल तर जहाजावरच्या उपचारांना मेडिकेअर पैसे देत नाही, हे त्यांनाही सांगावे.

भौगोलिक व्याप्तीचा एक मुद्दा या सहलीला विशेष लागू आहे. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारी परदेशी ध्वजाची जहाजे १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागतात, आणि ते बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. म्हणून पॉलिसी ‘अमेरिका व कॅनडासह संपूर्ण जग’ या व्याप्तीची असावी. केवळ अमेरिकेपुरत्या असलेल्या व्हिजिटर योजनेत कॅनडातला खर्च मिळेल की नाही, हे लेखी विचारावे. जाता जाता, भारतीय पासपोर्टधारकांना या एका थांब्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसल्यामुळे जहाजावर चढू दिले नाही, तर त्या नुकसानीची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही. एजंट हे सांगायला हटकून विसरतात.

किनाऱ्यावरच्या सहली निवडतानाही पॉलिसी हाताशी ठेवावी. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणे, तिथे कुत्र्यांच्या घसरगाडीत बसणे, झिपलाइन अशा गोष्टी साहसी खेळांच्या अपवादात मोडू शकतात. स्कॅगवेहून व्हाइट पासवर जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज रेल्वेत बसायला असली कसली अडचण नाही, आणि वडिलांना तीच जास्त आवडेल असे मला वाटते.

प्रत्यक्ष प्रसंग उद्भवला तर काय, याची तयारी घरीच करावी. असिस्टन्स कंपनीचा दूरध्वनी क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक आई, वडील आणि मुलगी या तिघांच्याही फोनमध्ये असावा आणि कागदावरही लिहिलेला असावा, कारण समुद्रात मोबाइलचे नेटवर्क मिळत नाही आणि जहाजाचे वायफाय घेतलेले असेलच असे नाही. सिअ‍ॅटलला थांबलेल्या एखाद्या नातेवाइकाकडेही ही माहिती द्यावी. असिस्टन्स कंपनीशी तासन्‌तास बोलणे जमिनीवरच्या माणसाला जास्त सोपे जाते. जहाजाच्या दवाखान्यातून तपशीलवार बिल, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा अहवाल, दिलेल्या औषधांची नोंद आणि पैसे भरल्याची पावती हे चार कागद घेतल्याशिवाय जहाजावरून उतरू नये; नंतर ते मिळवणे हा मोठाच खटाटोप होतो. पडल्यामुळे इजा झाली असेल तर जहाजाने केलेल्या घटनेच्या नोंदीची प्रतही मागावी. आणि बिल भरता येईल इतकी मर्यादा असलेले एक आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड सोबत असावे.

वडिलांची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच घेतल्या जातात आणि काही तासांनी केबिनच्या दारात येतात. उतरण्याच्या दिवसासाठीही त्या आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवाव्या लागतात. इन्सुलिन अशा बॅगेत गेले तर एक-दोन मात्रा चुकतात आणि आजारपण तिथूनच सुरू होते. बोट लागू नये म्हणून कोणाच्यातरी सांगण्यावरून कानामागे लावायची पट्टी किंवा गोळी घेऊ नये. यांतल्या काही औषधांनी वयस्कर माणसांत लघवी अडकते किंवा संभ्रम होतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. याच भेटीत ‘प्रवासास योग्य’ असे पत्रही घ्यावे, कारण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध प्रवास केला हे कारण दावा नाकारताना वापरले जाते.

एवढे करूनही दावा नाकारला गेला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय पुण्यातही आहे, तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तिथे अर्ज झाला पाहिजे. हा मार्ग भारतीय कंपनीच्या पॉलिसीला खुला आहे, अमेरिकी व्हिजिटर योजनेला नाही, आणि वडिलांसाठी मी भारतीय पॉलिसीकडे झुकतो याचे तेही एक कारण आहे.

शेवटी आईबद्दल, कारण प्रश्नात त्यांचा गुडघा आला आहे पण त्यांची खरी अडचण आलेली नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया अर्जात जाहीर केली की त्यांचे स्वतःचे संरक्षण फारसे अवघड नाही. अडचण येते ती वडिलांना जूनोला उतरवले तर. आई त्यांच्याबरोबर उतरल्या, तर त्यांचे हॉटेल, जेवण आणि सिअ‍ॅटलचे विमान तिकीट कोण देणार? आजारी त्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीतून काही मिळत नाही. वडिलांच्या पॉलिसीत ‘सोबत राहणाऱ्या व्यक्तीचा खर्च’ असे कलम असेल तरच तो मिळतो, आणि काही पॉलिसींत रुग्ण ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ भरती राहिला तरच ते कलम लागू होते. मुलगी आणि जावईही त्याच जहाजावर असतील, म्हणजे जहाजावर कोण राहणार आणि कोण उतरणार हेही ठरवावे लागेल. तेव्हा वडिलांच्या पॉलिसीतले हे कलम, त्यातले दिवस आणि रोजची रक्कम, एजंटाकडून ईमेलवर लिहून घ्यावी आणि मगच हप्ता भरावा. दोघांची पासपोर्ट, चष्मे आणि औषधे सात दिवस एकाच छोट्या पिशवीत ठेवावीत, म्हणजे उतरण्याची वेळ आली तर आईंना केबिनभर शोधाशोध करावी लागणार नाही.